इंजिनचा घरगुती स्टँड: वजनाआधी अंतर मोजा

चार लाकडी ओंडके, मूठभर स्क्रू आणि एक मोकळा शनिवार एवढ्या भांडवलावर गॅरेजमध्ये इंजिन स्टँड बनवायचा तुमचा बेत असेल, तर जरूर बनवा. इथले मेकॅनिकचे तासाचे दर पाहून मीही पाना हातात घेतला आहे. माझी हरकत आहे ती दुकानातल्या स्टँडची लाकडी नक्कल करण्याला.

तो स्टँड इंजिनाला खालून पेलत नाही. गिअरबॉक्स जोडतात त्या बाजूने चार बोल्टांनी धरतो. बाकीचं इंजिन अधांतरी. म्हणजे इथे वजनाइतकाच तरफेचा प्रश्न आहे. शाळेतलं बलाचं आघूर्ण आठवा: बल गुणिले अंतर. समजा, इंजिन १३० किलोचं आणि त्याचा गुरुत्वमध्य खांबापासून ४५ सेंटीमीटर पुढे. खांब ४ बाय ४ चा (म्हणवतो चार इंच, भरतो साडेतीन; ही अमेरिकन लाकूडवाल्यांची जुनी गंमत). पायथ्याशी त्याला सावरणाऱ्या स्क्रूंना जेमतेम ८ सेंटीमीटरचा आधार. त्यांच्यावर ओढ येते १३० × ४५ ÷ ८, म्हणजे सुमारे ७३० किलो वजनाइतकी! शिवाय स्क्रू लाकडाच्या टोकातून, रेषांच्या दिशेने घुसवले असतील, तर पकड आणखी कमी. जाम बोल्ट सोडवताना बसणारे हिसके तर मी धरलेलेच नाहीत.

"मी त्यावर उभा राहून पाहिलं, हललासुद्धा नाही," असं कुणी सांगितलं की मला धडकी भरते. तुमचं वजन सरळ खाली गेलं, खांबाला पुढे ओढणारं काहीच नव्हतं.

आपल्याकडचे मिस्त्री इंजिन जुन्या टायरवर ठेवतात. लहानपणी मला तो गबाळेपणा वाटायचा. आता वाटतं, त्यात भौतिकशास्त्र चोख आहे: बूड रुंद, गुरुत्वमध्य खाली, तरफ नाहीच. तुम्हीही तसंच करा. गुडघ्याच्या खाली राहील अशी रुंद लाकडी चौकट बनवा. इंजिन ब्लॉकच्या भक्कम भागांवर टेकवा, तेलाच्या पातळ पत्र्याच्या तळावर नको. आधी ८० पाउंडी काँक्रीटच्या पाच गोण्या, म्हणजे सुमारे १८० किलो, रात्रभर ठेवून पाहा. इंजिन उलटंपालटं करावं लागणार असेल, तर मात्र पोलादी स्टँड विकतच घ्या.

आणि चौकटीऐवजी सिंडर ब्लॉक रचू नका. लाकूड बहुधा मोडण्याआधी कुरकुरतं. सिंडर ब्लॉक काही न सांगता फुटतो, आणि तेव्हा तुमचा हात नेमका इंजिनाखाली असतो.