साल्व्हिनियाचा भुंगेरा जलपर्णीवर का चालत नाही?



तलावात किंवा कालव्यात तण माजले की "सारणीला सोडलेला भुंगेरा आम्हाला मिळेल का?" असे विचारले जाते. आधी तुमच्या पाण्यात कोणते तण आहे, ते पाहा.

अमरावतीला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यात सारणी येथील सातपुडा जलाशय साल्व्हिनिया मोलेस्टा या तणाने व्यापला होता. स्थानिक लोक त्याला 'चायनीज झालर' म्हणतात. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने तेथे सिर्टोबॅगस साल्व्हिनी हा भुंगेरा सोडला आणि त्यानंतर तण ओसरले.

हा भुंगेरा जेमतेम २ मि.मी. लांब असतो. प्रौढ कोवळे कोंब खातात, अळ्या खोड पोखरतात. तण तपकिरी पडून बुडते. तो साल्व्हिनियावरच जगतो, म्हणून भाताला धोका नाही. पण म्हणूनच तो जलपर्णीचेही काही बिघडवत नाही.

नेमकी ओळख किती महत्त्वाची, हे आफ्रिकेत दिसले. तेथे आधी याच गटातील दुसरा भुंगेरा सोडला. फारसा उपयोग झाला नाही. तो दुसऱ्या साल्व्हिनियावरचा होता. योग्य भुंगेरा ब्राझीलमधून आणून १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा तलावात सोडला, तेव्हा सुमारे वर्षभरात तलाव मोकळा झाला. केरळमध्येही १९८३ नंतर तो यशस्वी ठरला.

ओळख अशी करा :
- साल्व्हिनिया : पाण्यावर तरंगणारे नेचे, फूल येत नाही. पानावर ताठ केस. त्यांची टोके वर एकमेकांना जुळलेली.
- जलपर्णी : फुगीर देठ, जांभळी फुले. तिच्यासाठी नियोकेटिना गटातील वेगळे भुंगेरे आहेत.

काय करावे?
- तणाचा नमुना किंवा स्पष्ट फोटो कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.
- भुंगेऱ्यासाठी दुसऱ्या तलावातील तण स्वतः आणू नका. साल्व्हिनिया तुकड्यांपासून वाढते. एक तुकडाही पुरतो.
- भुंगेरे सोडलेल्या पाण्यात व काठावर कीटकनाशक फवारू नका.
- महिनाभरात निकालाची अपेक्षा नको. थंडीत भुंगेऱ्यांची वाढ मंदावते.
- तण ओसरल्यावर भुंगेरेही घटतात. काठावर उरलेल्या थोड्या तणावर ते टिकतात आणि तण पुन्हा वाढू लागले की त्यांची संख्याही वाढते. म्हणून पाहणी थांबवू नका.