माणसावरचा शिक्का पुसता आला पाहिजे



ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे एकदा लिहिले की पुसता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीवरच्या, डिजिटल ओळखीविषयी सध्या मोठ्या उत्साहाने लिहिले-बोलले जाते. त्यातला एक प्रयोग आपल्याच राज्यात झाला. 2022 साली गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुमारे 65 हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचे काम हाती घेतले गेले. अशा पद्धतीत अख्खा दाखला साखळीवर चढवायची गरज नसते. मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, म्हणजे हॅश, तेवढा नोंदवला की पुरते. पुढे कोणी आडनावातली एक वेलांटी जरी बदलली, तरी नवा हॅश जुन्याशी जुळत नाही आणि लबाडी तिथेच उघडी पडते. दाखला अस्सल आहे का, हे तहसीलला पत्र पाठवून विचारत बसावे लागत नाही. हे काम चांगलेच आहे. बनावट गुणपत्रिका विकणाऱ्यांचा धंदा बंद करायचा तर प्रत्येक विद्यापीठाने ते करावे.

पण जातीच्या दाखल्याचे खरे दुखणे दाखला हाती पडण्याच्या आधीचे आहे. विमुक्त-भटक्या जमातीच्या अर्जदाराला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतात. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातली आजोबांची नोंद आणा, कोतवाल बुकाचा उतारा आणा. आजोबांनी शाळेचे तोंडच पाहिले नसेल आणि बिऱ्हाड गाढवावर असेल, तर ही नोंद यायची कुठून? याउलट, खोटी माहिती देऊन सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने मिळवलेला दाखला साखळीवर गेला की तो कायमचा अस्सल दिसणार. खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी वा प्रवेश टिकणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. पण तो खोटेपणा शोधून काढला तो माणसांनी, जुनी कागदपत्रे चाळून. हॅशला ते जमत नाही.

इथवर मी या तंत्राच्या बाजूचा आहे. माझा विरोध सुरू होतो तो ‘पत’ या शब्दापाशी, म्हणजे दाखल्यांपुढे जाऊन माणसाची पतही साखळीवर चढवण्याच्या कल्पनेपाशी. इथेरियमचे एक संस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन यांनी दोन सहलेखकांसह 2022 मध्ये अशा डिजिटल टोकनची कल्पना मांडली, जे विकता वा दुसऱ्याला देता येत नाही आणि माणसालाच चिकटून राहते. पदवी, नोकरी, कर्जफेड, लोकांचा विश्वास, सगळे त्यात. गैरवापराचा धोका त्यांनीही मान्य केला आहे. पण आपल्या देशात हा धोका निव्वळ कल्पनेतला नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच पत चिकटवली होती. जमातीचे नाव नोंदवहीत आले की पोलिसांकडे हजेरी लागायची. या जमातींना डांबून ठेवण्याच्या सोलापूरच्या वसाहतीला, सेटलमेंटला, तारेचे कुंपण होते. कायदा 1952 मध्ये गेला, पण पारध्याच्या पोराकडे आजही संशयाने पाहिले जाते. ती नोंदवही निदान फाडता तरी आली. ब्लॉकचेनची सगळी थोरवीच न पुसण्यात आहे. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलाचे पावसात घसरलेले मानांकन, ऊसतोड मजुराच्या नावावरची मुकादमाची तक्रार असल्या गोष्टी तिच्यावर गेल्या, तर त्याने दाद कुणाकडे मागायची?

2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने नागरिकाला माहिती दुरुस्त करण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. न पुसणाऱ्या साखळीवर हा हक्क टिकायचा, तर राज्य सरकारने पुढचे दाखले तिच्यावर नेण्यापूर्वी नियमात लिहावे, की हॅशपलीकडे काहीही नोंदवले जाणार नाही. लिपिकाच्या हातून चुकलेला दाखला ठरावीक मुदतीत रद्द होऊन नवा मिळेल. आणि कोणाही कामगाराची वर्तणूक वा मानांकन साखळीवर जाणार नाही. शिवाय या कामासाठी जो निधी ठेवायचा असेल, त्यातून आधी जिल्हा परिषदेच्या शाळांमधली 1961 पूर्वीची रजिस्टरे स्कॅन करून घ्यावीत. वाळवीने खाल्लेल्या पानाचा हॅश काढता येत नाही.

— एक वाचक, सोलापूर