गाडी घालायची, पण कुणाच्या शिवारात?



मंडळाच्या गेल्या बैठकीत तरुण मुलांनी एक विषय काढला आणि त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. आपल्या वडगावात आता बऱ्याच घरांसमोर जीप-थार दिसतात. एक-दोन ठिकाणी तर ती एटीव्हीही आली आहे, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल आणि ट्रॅक्टरच्या धाकट्या भावासारखी चार जाड चाकं असलेली गाडी. मुलांचं म्हणणं असं, की बेळगावच्या आसपास चिखलात, माळावर, ओढ्याकाठी गाडी घालायला चांगल्या जागा कुठं आहेत याची यादी करावी आणि ती सगळ्यांना द्यावी. ज्येष्ठांपैकी काहींनी "हे कसले धंदे" म्हणून विषय उडवून लावला. शेवटी "तुम्ही बँकेत होता, कागदपत्रं तुम्हाला कळतात, तुम्हीच लिहा" असं म्हणून तो माझ्या गळ्यात पडला.

आधी स्पष्ट सांगतो, मला या छंदाचा राग नाही. आमच्या तरुणपणी आम्ही भाड्याच्या सायकलवरून येळ्ळूरच्या गडावर जायचो आणि उतरताना ब्रेक न लावण्याची पैज मारायचो. तेही ऑफ-रोडिंगच, फक्त आम्हाला तो शब्द ठाऊक नव्हता. आणि चोर्ला घाटाच्या रस्त्यानं पावसाळ्यात गोव्याला जाऊन आलेल्या कुठल्याही माणसाला या खेळाचं वेगळं शिक्षण द्यायची गरज नाही. तिथं साधी मारुतीसुद्धा तेच करते.

पण डिसेंबरात माझ्या थोरल्या भावाच्या शेतात जे झालं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमचं शेत येळ्ळूर रस्त्याच्या बाजूला आहे. भात कापून झालं होतं. बाहेरच्या माणसाला अशा वेळी शेत रिकामं दिसतं. पण आपल्याकडं भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात, हे इथल्या पोरांना तरी माहीत असायला हवं. मसूर बोटभर वर आली होती. रविवारी सकाळी भाऊ गेला तर शेतात गोल गोल चाकोऱ्या पडलेल्या आणि दोन ठिकाणी बांध फुटलेला. कुणीतरी तिथला व्हिडिओ टाकला होता, त्यासोबत नकाशावरची खूणही. ती बघून पुढच्या आठवड्यात आणखी तिघं आले. चौकशी केली तर पहिली गाडी आपल्याच गल्लीतल्या मुलाची निघाली. मुलगा चांगला आहे, वाकून नमस्कार करणारा आहे. "काका, तिथं काही नव्हतं हो," एवढंच तो म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

एटीव्हीच्या चाकात हवा फार कमी असते, पाच-सात पौंडांच्या आसपास, तर आपल्या मोटारीच्या चाकात तीसच्या वर. त्यामुळं ही गाडी सरळ गेली तर जमीन ट्रॅक्टरइतकी दबत नाही, हे मुलांचं म्हणणं बरोबर आहे. पण सरळ जाण्यात मजा नसते ना! जागेवर वळवताना, चाक गरगरवताना तिच्या टायरच्या खोल खाचा वरचा थर सोलून काढतात. काळ्या रानात ओल असताना तर ती चाकोरी पुढच्या नांगरटीपर्यंत जात नाही.

आणि हे रान कुठलं? हलगा-मच्छे बायपासच्या विरोधात वडगाव, शहापूर, येळ्ळूर, अनगोळ, मच्छे इथले शेतकरी ज्या जमिनीसाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात लढले, तेच हे तिबार पिकाचं, बासमतीच्या वासाचं शिवार. सरकारी यंत्रांसमोर आपल्या बायाबापड्या आडव्या झाल्या. त्याच शिवारात आपल्याच पोरांनी हौसेखातर चाकं घालावीत, हे भावाला फार लागलं. भरपाई नको म्हणाला तो. त्यानं फक्त बांध घालून घेतला.

आता कागदांचं बोलतो. बँकेत असताना एकदा एक गृहस्थ अशाच गाडीसाठी कर्ज मागायला आले होते. मी विचारलं, आरसी बुक कुठं आहे? ते म्हणाले, या गाडीला आरसी नसते. मग तारण म्हणून आम्ही नोंद कशावर करायची? प्रकरण तिथंच थांबलं. त्या वेळी मला ती फक्त बँकेची अडचण वाटली होती. पुढं कायदा वाचल्यावर लक्षात आलं, की खरी अडचण घेणाऱ्याची आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही आणि कलम १४६ प्रमाणे त्रयस्थाचा विमा नसलेलंही नाही. आणि 'सार्वजनिक जागा' म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. कलम २(३४) मध्ये व्याख्या आहे: जिथं लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही वाट किंवा जागा. म्हणजे नदीकाठ, यात्रेचा माळ, गडाची वाट, समुद्राची वाळू, जिथं तुम्हा-आम्हाला मुक्तपणे जाता येतं, तिथं बिननोंदणीची एटीव्ही नेणं गुन्हा होऊ शकतो. समजा तिथं एखाद्या गुराख्याला धक्का लागला, तर विमा कंपनी नाही, काही नाही, सगळा भार घरच्या कर्त्यावर. काही मॉडेलं ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येतील अशी बाजारात आली आहेत. घेणाऱ्यानं दुकानदाराच्या शब्दावर न जाता नोंदणी होते की नाही ते आधी लेखी घ्यावं.

आणि एक, हे खास आई-वडिलांसाठी. अठरा वर्षांखालच्या मुलानं सार्वजनिक जागी असं वाहन चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. दहावीच्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून हँडल हातात देणाऱ्यांनी हे वाचावं.

यादीत पहिली नावं कुठली येणार ते मला बैठकीतच कळलं: जांबोटी, कणकुंबी, पारवाड, चिखले, चोर्ला. म्हणजे खानापूरचं जंगल. यातला बराच भाग राखीव वन आहे आणि त्याला लागून भीमगड अभयारण्य, जे २०११ साली जाहीर झालं. अभयारण्यात परवान्याशिवाय पाऊल टाकायलाही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, मग गाडीचं काय घेऊन बसलात. पायी जाणाऱ्यांनाही आता शिस्त लागली आहे. २०२४ च्या जानेवारीत कुमार पर्वतावर तोबा गर्दी उसळली, तेव्हा राज्य सरकारनं जंगलातल्या भटकंतीला आवर घातला, आणि ऑक्टोबरात 'अरण्य विहार' नावानं ऑनलाइन नोंदणी सुरू केली. एका वाटेवर दिवसाला तीनशेपेक्षा जास्त माणसं सोडायची नाहीत असं ठरलं. पावलांना मर्यादा आहे, तिथं चाकांना मोकळीक मिळणार नाही.

पण कायद्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट टोचते. याच जंगलात आमगाव आहे. २०२४ च्या जुलैत भर पावसात तिथल्या एका आजारी बाईला लोकांनी बांबूच्या डोलीत घालून जंगलातून, ओढ्यांतून चिखलेपर्यंत खांद्यावर आणलं, कारण गावाला रुग्णवाहिका जाईल असा रस्ताच नाही. ती बाई पुढं वाचली नाही. अभयारण्य म्हणून रस्ता करता येत नाही, असं त्या गावांना वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं, आणि मग गावं बाहेर हलवायची भाषा सुरू झाली. त्याच वाटेवर आपण 'काय मस्त खराब रस्ता आहे' म्हणून गाडी घेऊन जायचं? मी त्या गावचा असतो तर दगड घेऊन उभा राहिलो असतो.

सड्यांचंही थोडं सांगतो. घाटमाथ्यावर जांभ्या दगडाचे जे उघडे सडे असतात, ते वर्षातले आठ महिने करपलेले, ओसाड दिसतात. 'इथं काय खराब होणार' असं वाटायला लावणारी ती जागा आहे. पण त्या बोटभर मातीत पावसाळ्यात सीतेची आसवं फुलतात, आणि आंबोलीचा तो छोटा भेक, ज्याला शास्त्रज्ञांनी अत्यंत धोक्यातल्या प्राण्यांत घातलंय, खडकावरच्या वीतभर डबक्यात अंडी घालतो. एका चाकोरीनं ते डबकं फुटतं. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं आणि लोकांच्या झुंडी लोटल्या. शेवटी रोजच्या माणसांवर मर्यादा घालावी लागली. तिथं तर लोक फक्त बघायला जात होते.

समुद्रावरची हौस कशी फिटते तेही आपण पाहिलं. २०२४ च्या डिसेंबरअखेर रेवदंड्याच्या वाळूत एक फेरारी रुतली आणि तिला बैलगाडीनं ओढून काढलं. सगळ्या देशानं तो व्हिडिओ बघितला. मला त्या बैलांचं फार कौतुक वाटलं.

माझा भाचा अमेरिकेत आहे, त्याला मी मुद्दाम विचारलं. तिथं ही वाहनं आपल्यापेक्षा कितीतरी आधी आली आणि हाच वाद आधी झाला. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला, की सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठं चालतील आणि कुठं नाहीत हे आधी ठरवा. माती, प्राणी आणि इतर लोकांना त्रास कमीत कमी होईल अशाच वाटा द्या. २००५ पासून त्यांच्या वनखात्यानं नियमच उलटा केला. पूर्वी 'बंदी नाही तिथं चालवा' असं होतं, आता नकाशावर जी वाट दाखवली आहे तिथंच चालवायचं. भाचा सांगतो, तो नकाशा फुकट मिळतो. म्हणजे जागांची यादी तिथंही आहे, पण ती जमिनीच्या मालकानं केलेली आहे. आणि तीन चाकी एटीव्ही उलटून इतकी मुलं जखमी झाली, की १९८८ मध्ये कंपन्यांना तिथं त्यांची विक्री थांबवावी लागली.

आपल्याजवळही ठरवून केलेलं उदाहरण आहे. गोव्यात २०१४ साली रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा सुरू झाली. भर पावसाळ्यात, ठरलेल्या आखणीवर, ओढून काढायला माणसं हजर ठेवून. ज्यांना चिखलच हवा, त्यांनी तो असा घ्यावा.

तेव्हा यादी करूच नये असं माझं मत नाही. यादी करावी, पण तीत प्रत्येक जागेसमोर उताऱ्यावर कुणाचं नाव आहे ते लिहावं आणि त्या माणसानं होकार दिलाय का ते लिहावं. हा रकाना भरता येत नसेल तर ती जागा यादीत येता कामा नये. गायरान म्हणजे बेवारशी जमीन नव्हे, त्यावर गावची गुरं जगतात. नुसती नकाशावरची खूण पाठवू नये. ती एकाला पाठवली की पन्नासांना जाते आणि परत घेता येत नाही.

जागा कुठली, तर मला सुचलेली एक सांगतो. आपल्या भागात वीटभट्ट्यांसाठी माती काढून काढून खड्डे-उंचवटे झालेल्या जमिनी आहेत. तिथं पीक येत नाही, वरची माती कधीच गेलेली. मालकाला थोडं भाडं मिळेल, मुलांना चढ-उतार मिळतील. पावसाचं पाणी साचलेल्या खड्ड्यांपासून मात्र लांब राहायचं, त्यांचा तळ दिसत नाही.

अशा एका भट्टीवाल्याकडं मी परवा त्या गल्लीतल्या मुलाला घेऊन गेलो. भट्टीवाले आधी हसले, मग जागा फिरून दाखवली. भाड्याचं पुढच्या रविवारी बोलू म्हणाले. अट त्यांनी एकच घातली: संध्याकाळी पाचनंतर गाडी बंद, तेव्हा त्यांच्या म्हशी परत येतात.