हातावर तुरी

फेब्रुवारीत मराठवाड्यातल्या गावांमधून तुरीची पोती टेम्पोत पडतात आणि लातूरच्या डाळ मिलची वाट धरतात. जूनमध्ये त्याच गावच्या किराणा दुकानात चकचकीत पाकिटातून डाळ परत येते. ती त्याच रानातली की मोझांबिकची, हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. शेतकऱ्याकडे उरते हमाली-तोलाई कापून आलेली पट्टी. म्हशीला लागणारी चुनीसुद्धा तो तालुक्याहून विकत आणतो. आपल्याच तुरीचं टरफल पैसे मोजून घरी आणण्याच्या या व्यवहाराला शहाणे लोक कार्यक्षमता म्हणतात.

त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. मोठ्या मिलमध्ये क्विंटलभर तुरीची ७० ते ७५ किलो डाळ होते, जात्यावर किंवा साध्या चक्कीवर भरडली तर ६० ते ६५. हे मान्य. पण राहिलेले दहा किलो हवेत विरत नाहीत. चुरी होऊन ते गोठ्यात जातात आणि दुधात उतरतात. शिवाय जातं आणि लातूरची मिल यांच्यामध्ये काहीच नाही असंही नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल बनवून कितीतरी वर्षं झाली. प्रश्न यंत्राचा असता तर तो केव्हाच सुटला असता.

प्रश्न दुसराच आहे, आणि तो उसाकडे पाहिलं की कळतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला. तो मुंबईत का नाही निघाला? त्या दोघांचं मोठेपण आहेच, पण उसाचा स्वभावही कारण आहे. तोडलेला ऊस थांबत नाही. दिवसागणिक त्याचा उतारा घसरतो. आणि शंभर किलो उसातून साखर निघते दहा-अकरा किलो, मग उरलेलं ओझं लांबवर कोण वाहून नेणार? कारखान्याला उसाच्या बांधावर यावंच लागलं. मागून रस्ता आला, बँक आली, शाळा-कॉलेज आलं. (राजकारणही आलं, ते वेगळ्या लेखाचं प्रकरण.) तुरीचं उलट आहे. वाळलेली तूर महिनोन्‌महिने थांबते, कुठेही जाते. म्हणून मिल तिच्याकडे आली नाही, तीच मिलकडे गेली. गंमत अशी की थांबू शकणाऱ्या या पिकाचा मालक मात्र थांबू शकत नाही. त्याला सोसायटीचं कर्ज भरायचं असतं, मुलीचं लग्न काढायचं असतं.

यावर लगेच उत्तर येतं: तारण कर्ज घ्या. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिने वापरा. योजना चांगलीच आहे. पण ज्याच्या घरी चार पोती तूर, त्याने टेम्पो करून ती तालुक्याला न्यायची, उतरवायची, पावतीसाठी दिवस घालवायचा, आणि भाव वाढला तरी शेवटी तिथेच विकायची. २०१५ मध्ये शहरात डाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. त्या भावाला भुलून शेतकऱ्याने तूर पेरली आणि २०१७ उजाडताना ५०५० रुपयांच्या हमीभावालाही गिऱ्हाईक मिळेना. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना संपला म्हणून काटे थांबले. हातावर तुरी देणं हा वाक्प्रचार त्या वर्षी शब्दशः खरा झाला.

आता गावातच डाळ व्हावी म्हणणाऱ्या आमच्याच बाजूच्या मंडळींशी थोडं भांडतो. "पूर्वी घरोघरी डाळ व्हायची, जातं परत आणा" असं भाषणात सांगणाऱ्यांनी पहाटे तीनला उठून पायली दोन पायली तूर भरडून दाखवावी. तुरीला तेल-पाण्याचा हात लावायचा, वाळवायची, भरडायची, पाखडायची, हे सगळं बाईच्या कमरेवर चालायचं. ते परत आणायचं नाही. डाळ करून शेतकरी श्रीमंत होईल असं कुणी सांगत असेल, तर तो यंत्र विकायला आला आहे असं खुशाल समजावं. भरडण्यातली कमाई क्विंटलमागे काही शे रुपयांची, तीही साधली तर. पण ते शेकडे, चुनी, आणि फेब्रुवारी ते मे या रिकाम्या महिन्यांतली मजुरी गावात राहते.

सरकारने २०२० पासून सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान देऊ केलं. मिल बसते, फीत कापली जाते, फोटो निघतो. पण तूर विकत घ्यायला खेळतं भांडवल नसेल आणि झालेली डाळ उचलणारा नसेल, तर पावसाळ्याआधीच शटर खाली येतं. मग बोट दाखवायला सोपं: "बघा, गावात चालत नाही." विहिरीवर मोटर बसवायची, वीज जोडायची नाही आणि पाणी नाही म्हणून विहिरीला दोष द्यायचा, असा हा न्याय.

उचलणारा तर गावातच बसलाय. प्राथमिक शाळेच्या पोषण आहारात मुलामागे रोज २० ग्रॅम डाळ-कडधान्य ठरलेलं आहे. तालुक्यात दहा हजार मुलं धरली तर दिवसाला २०० किलो, शाळेच्या २०० दिवसांत ४०० क्विंटल. मूग, मटकी, हरभरा वजा करून निम्मी तुरीची धरा. तालुक्यातल्या मिनी मिलला खात्रीचं गिऱ्हाईक देणारं हे काम आहे, आणि अंगणवाड्या यात धरलेल्याच नाहीत. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, गावसमूह आणि महिला मंडळं असावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं. तरी महाराष्ट्राने २०१६ मध्ये अशा उलाढालीच्या अटी घातल्या की महिलांचे लहान बचत गट दारातच अडकले. २०१९ मध्ये न्यायालयाने त्या निविदा रद्द केल्या.

गटांच्या डाळीत खडे निघतील, बुरशी लागेल, ही भीती रास्त आहे. प्रत्येक लॉटचा नमुना तपासा, नापास झाला तर परत पाठवा. पाकिटवाल्यालाही तोच नियम लावा.

तेव्हा मागणी मोठी नाही. निविदा तालुक्यापुरती काढा, उलाढालीची अट उडवा, तूर घ्यायला गटाला जानेवारीत उचल द्या आणि बिल महिन्याच्या आत काढा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बिल दिवाळीपर्यंत रखडलं, तर गट पुढच्या हंगामात तूर घेऊच शकणार नाही आणि पोती पुन्हा टेम्पोत पडतील.