वापरकर्त्याची खुर्ची

इंटरनेटवरील नावे आणि पत्ते यांची जागतिक व्यवस्था आयकॅन ही 1998मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली संस्था पाहते. डोमेन विकणाऱ्या कंपन्या, व्यापारचिन्हांचे मालक आणि सरकारे यांचे प्रतिनिधी तिथे बहुधा पगारी असतात. सामान्य वापरकर्त्याची बाजू मात्र स्वयंसेवक पदरचा वेळ खर्चून मांडतात.

आयकॅनच्या संचालक मंडळावर वापरकर्त्यांचे प्रतिनिधी निवडण्यासाठी 2000 साली थेट मतदानाचा प्रयोग झाला. इच्छुकांनी नाव नोंदवायचे, गुप्त क्रमांक टपालाने घरी यायचा आणि मत ऑनलाइन द्यायचे. जगभरातील सुमारे 34 हजार जणांनी पाच प्रदेशांतून पाच संचालक निवडले. 2002च्या फेररचनेत ही पद्धतच मोडीत निघाली. मतदार थोडे होते हे खरे, पण त्यावर उपाय मतदार वाढवण्याचा होता, मतपेटी उचलून नेण्याचा नव्हे.

मतदानाच्या जागी वापरकर्त्यांची पंधरा सदस्यांची सल्लागार समिती आली. वापरकर्त्यांच्या पाच प्रादेशिक संघटना प्रत्येकी दोन सदस्य निवडतात, उरलेले पाच आयकॅनची नामनिर्देशन समिती नेमते. 2010पासून संचालक मंडळातील एक जागाही वापरकर्त्यांच्या या गटाकडे आहे. समितीचा सल्ला मंडळावर बंधनकारक नाही.

मराठी वाचकाचा याच्याशी थेट संबंध आहे. 2014मध्ये ‘.भारत’ सुरू झाल्यापासून देवनागरीत डोमेन घेता येते, तरी कितीतरी ऑनलाइन फॉर्म देवनागरी ई-मेल पत्ता आजही अवैध ठरवतात. अशा तक्रारी वर पोहोचवण्याची वाट याच समितीतून जाते. तिच्या आशिया-पॅसिफिक संघटनेत भारतीय संस्था आहेत आणि एकट्या व्यक्तीलाही सदस्य होता येते.