ओटची कुकी आणि ज्वारीचा भाव



अलीकडे तालुक्याच्या गावी बचत गटांना कुकीज भाजायला शिकवण्याची शिबिरे भरतात. शहरातली माणसे ओटची कुकी खातात, तुम्ही ज्वारीची करा, म्हणजे ज्वारीला बरे दिवस येतील, असे तिथे सांगितले जाते. कुकी म्हणजे दुसरेतिसरे काही नाही. घरी भाजलेले जाडसर, खुसखुशीत बिस्कीट, आपल्या नानकटाईची लांबची बहीण. ती घरी करावी, पोरांना खाऊ घालावी, जमल्यास विकावी. त्याला कोणाची ना नाही. पण 'कुकी झाली की ज्वारीला भाव आला' हे जे गणित मांडले जाते, ते तपासून घेतले पाहिजे. तपासायला फार लांबची गोष्ट शोधावी लागत नाही. खुद्द ओटच्या कुकीचा इतिहासच पुरेसा आहे, कारण अमेरिकेत हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे.

ओट म्हणजे जई. आपल्याकडे ओलिताखाली रब्बीत हिरव्या चाऱ्यासाठी ती घेतात. राहुरी विद्यापीठाचा 'फुले हरिता' हा वाण चाऱ्याचाच. इंग्लंड-अमेरिकेतही ओट हा घोड्याचा खुराक होता. स्कॉटलंडमधली कष्टकरी माणसे त्याची लापशी खात. अमेरिकेत मात्र माणसाने ओट खायचे ते आजारपणात, पथ्य म्हणून. म्हणजे आपल्या ज्वारीला आज जे 'भरडधान्य' म्हणून नाक मुरडले जाते, त्याहूनही खालची पायरी ओटच्या वाट्याला होती.

हे बदलले ते गिरणीवाल्याने. १८५६ साली जर्मनीहून आलेल्या फर्डिनंड शूमाकर याने ओहायो राज्यातील ॲक्रन गावी ओटची गिरणी घातली. ओटच्या दाण्यात तेलाचा अंश जास्त. दाणा सोलून भरडला की ते तेल नासते आणि भरड खवट, कडू होते. गिरण्यांनी दाण्याला वाफ द्यायला सुरुवात केली. वाफेने खवटपणा आणणारा दाण्यातला घटक मरतो. मग दाणा रुळाखाली चपटा केला की त्याचे पोहे होतात, ते महिनोन् महिने टिकतात आणि पटकन शिजतात. १८७७ साली 'क्वेकर' हा छाप नोंदला गेला. पोत्यातला सुटा माल छापील डब्यात गेला. पुढे १९०८ साली कंपनीने डब्यावरच कुकीची कृती छापली. डबा घ्या, कृती वाचा, घरी भाजा. ओट विकण्याची याहून सोपी युक्ती नव्हती.

कृतीही साधीच होती. लोणी आणि तपकिरी साखर एकत्र फेटायची, त्यात अंडे, मैदा, थोडा खायचा सोडा, दालचिनी आणि मनुका घालायच्या. मापाने मैद्याच्या दुप्पट ओटचे पोहे मिसळायचे. चमच्याने गोळे ताटात सोडायचे आणि १७५ अंश उष्णतेच्या भट्टीत दहा-बारा मिनिटे भाजायचे. ओटमध्ये गव्हासारखा चिवटपणा नाही, त्यामुळे त्याचा पाव नीट फुगत नाही. कुकीला फुगायचे नसतेच. गव्हापुढे जो ओटचा दोष, तो कुकीत गुण ठरला. घराघरात कुकी गेली. १९९७ साली तर ओट हृदयाला हितकारक असल्याचे पाकिटावर छापायला अमेरिकी सरकारने परवानगी दिली. एखाद्या धान्याला याहून जास्त मानमरातब काय मिळायचा?

आता आपला प्रश्न विचारू. ओट पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे काय झाले?

१९२१ साली अमेरिकेत ४ कोटी एकरांहून जास्त क्षेत्रावर ओटची काढणी झाली होती. अलीकडच्या वर्षांत ती १० लाख एकरांच्याही खाली गेली आहे. अमेरिकेतल्या गिरण्यांना लागणारा ओट मुख्यतः कॅनडातून येतो. कारण उघड आहे. ओटचे खरे गिऱ्हाईक घोडा होता. ट्रॅक्टर आला, घोडा गेला, गिऱ्हाईक गेले. मका आणि सोयाबीनमध्ये पैसा जास्त, तिकडे शेतकरी वळला. कुकी कितीही खपली तरी घोड्याची दावण तिने भरून निघाली नाही. कुकी राहिली, गिरणी राहिली, छाप राहिला. पीक मात्र शेतातून गेले.

ज्वारीचे झाले तेही वेगळे नाही. १९७० च्या सुमारास देशात पावणेदोन कोटी हेक्टरांच्या आसपास ज्वारी होती. आज ती ४० लाख हेक्टरांच्या आसपास उरली आहे. आपल्या बायकांना ज्वारीचे पदार्थ येत नव्हते म्हणून ती गेली काय? भाकरी, आंबील, लाह्या, हुरडा, धपाटे हे कोणी शिबिरात शिकवले नव्हते. सरकारने खरेदीची सारी यंत्रणा गहू-तांदळामागे लावली आणि रेशनवर तेच धान्य स्वस्त वाटले, म्हणून ज्वारी गेली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दर लिहिले ते असे: तांदूळ ३ रुपये किलो, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया. कायद्याच्या कागदावरच ज्वारीची किंमत सर्वांत खाली. पुढे एप्रिल २०१८ मध्ये 'भरडधान्य' हे नाव बदलून 'पौष्टिक तृणधान्य' केले. २०२३ साली जगभर तृणधान्य वर्ष साजरे झाले. त्याच वर्षी ज्वारीच्या बिस्किटावर मात्र १८ टक्के जीएसटी होता. तो ५ टक्क्यांवर आला २२ सप्टेंबर २०२५ ला. नाव बदलायला वेळ लागत नाही, कर उतरायला लागतो.

आता कुकीचा हिशेब मांडू. ज्यांना करून पाहायची आहे त्यांच्यासाठी कृतीही त्यातच येते.

ज्वारीचे ताजे पीठ २०० ग्रॅम मंद आचेवर खमंग भाजून घ्यावे. ओटच्या पोह्यांच्या जागी ज्वारीच्या लाह्या ५० ग्रॅम, हाताने चुरडून. सांधा धरायला कणीक ५० ग्रॅम. तूप १५० ग्रॅम आणि बारीक किसलेला गूळ १५० ग्रॅम एकत्र फेसावा. त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचा भरड कूट ५० ग्रॅम, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, सुंठ किंवा वेलची घालावी. पीठ-लाह्या मिसळून लागेल तसे दूध शिंपडावे, गोळा जेमतेम वळला पाहिजे. भट्टी नसली तर जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर वाळू किंवा मीठ घालून दहा मिनिटे तापवावे, आत तिवई ठेवून वर ताटली, वरून घट्ट झाकण. मध्यम आचेवर वीसेक मिनिटे लागतात. गरम असताना कुकी मऊ लागते. कच्ची राहिली म्हणून पुन्हा भाजू नये, निवली की कडक होते. दिवाळीला रवा-मैदा नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणण्याची रीत पुष्कळ गावांत होती. बेकरी जवळ असेल तर तसेच करावे, एका वेळी मोठा माल निघतो. ज्वारीचे पीठही ओटसारखेच ठेवल्याने कडवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच दळावे.

या घाण्यात सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास कुकीज निघतात. ज्वारी लागली पाव किलो. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये जाहीर झाला. तो हाती पडला असे धरले, तरी पाव किलोचे होतात सव्वानऊ रुपये. तूप किलोला ५०० रुपये धरले तरी ७५ रुपयांचे. म्हणजे २०० ग्रॅमच्या पाकिटात ज्वारी फक्त ३ रुपयांची! पाकीट दुकानात कितीलाही विकले जावो, शेतकऱ्याचा वाटा तेवढाच.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ज्वारीचा भाव दुप्पट झाला तर त्या पाकिटाची किंमत वाढेल फक्त ३ रुपयांनी. शेतकऱ्याला भाव दिला तर खाणाऱ्याला परवडणार नाही, हे रडगाणे निदान कुकीच्या बाबतीत तरी कोणी गाऊ नये. दुसरी, कुकी भाजून ज्वारीचा भाव वाढत नाही. एकरी पाच क्विंटल उतारा धरला तर एका एकराची ज्वारी संपवायला असे २००० घाणे काढावे लागतील. एवढे कोणत्या घरात होणार?

मग कुकीत पैसा कशाचा? पैसा आहे तो मेहनतीचा, भाजण्याच्या हाताचा, डब्याचा आणि विक्रीचा. म्हणून ज्या बहिणी हा धंदा करतील त्यांनी त्याची वही वेगळी ठेवावी. घरची ज्वारी फुकट धरू नये, बाजारभावाने मांडावी. सरपण किंवा गॅस मांडावा. आणि स्वतःची मजुरी मांडावी, निंदणीला जाणाऱ्या बाईला मिळते त्याहून कमी नको. एवढे करून दोन पैसे उरले तर धंदा खरा. मजुरी न धरता दिसणारा नफा हा नफाच नव्हे. तो बाईच्या घामाला लावलेला कर आहे. शेतीत पुरुषांनी पिढ्यान् पिढ्या हेच केले, घरची मजुरी धरलीच नाही. तोच तोटा आता चुलीपुढे न्यायचा काय?

शिबिरे भरवणाऱ्यांनाही एवढेच सांगायचे. भाजायला शिकवा, उपकार होतील. त्याचबरोबर ज्वारी हमीभावाच्या खाली जाते तेव्हा खरेदीचे काटे वेळेवर लावा. नाही तर आमच्या शेतातून ज्वारी उठेल आणि शहरातल्या 'आरोग्यदायी' ज्वारीच्या कुकीला धान्य कुठून तरी बाहेरून येईल.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने कुकीचा एक डबा आणावा. डब्याबरोबर हिशेबाचा कागदही आणावा. डबा तिथेच संपेल, कागदावर मात्र चर्चा करू.