जुनी पद्मिनी विकावी की ठेवावी?

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनींना अशी सरसकट मुदत नाही. म्हणून अनेक घरांसमोर त्या आजही ताडपत्रीखाली उभ्या आहेत आणि घरोघरी एकच वाद चालू आहे : विकून नवी घ्यावी की ठेवावी?

हा वाद बहुधा आठवणींवर लढला जातो. आमच्या मते तो आधी वहीत मांडावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. मोटारीसाठी ही फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजार. त्यात पर्यावरण कर, विमा आणि पत्र्याचे काम धरावे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. १०८९ सीसीचे हे कार्बोरेटरचे इंजिन त्यासाठी बनलेले नाही. रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा लवकर खराब होतो, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीत पाणी धरून गंज चढतो. नळ्या बदलून घेणे फार महाग नाही, पण ते काम जाणणारा मिस्त्री हवा. स्टिअरिंगजवळच्या गिअरचा दांडा नीट बसवून देणारे हात आता थोडे उरले आहेत. तुमच्या गावात असा मिस्त्री नसेल तर निम्मा निर्णय तिथेच झाला.

‘विंटेज’ म्हणून नोंद करू, असे काही जण म्हणतात. २०२१ च्या नियमानुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे व्हावी लागतात आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. ‘पद्मिनी’ हे नावच १९७४ चे. त्याआधी तीच गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्यात बनत होती. म्हणजे १९८६ ची गाडी २०३६ पर्यंत थांबणार. शिवाय अशा नोंदणीची गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. लग्नाला भाड्याने देऊन खर्च काढू म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की साध्या खासगी पाटीच्या गाडीलाही भाडे घेण्याची मुभा नाही.

आमच्या दुकानासमोर १९८६ चीच एक पद्मिनी आहे. मरहूम वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. दोघे भाऊ म्हणत होते, विकून टाकू आणि हप्त्यावर नवी घेऊ. पण कागद काढले तर गाडी अजून वडिलांच्याच नावावर! ती विकण्याचा अधिकार एकट्या भावांना नाहीच. दुकानात उभी असली तरी ती वारसाची मालमत्ता आहे, आईचा आणि बहिणींचा हिस्सा तिच्यात आहे. घर-जमिनीच्या वेळी हे सर्वांना आठवते, गाडीच्या वेळी कुणी विचारतही नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावे नोंद, इतर वारसांची लेखी संमती, मग सौदा. आणि आलेल्या पैशाची वाटणी. थोरल्या बहिणीने ‘माझा हिस्सा नको, पण भंगारात देऊ नका’ असे कळवले. धाकटीने हिस्सा मागितला. तिचे मागणे आम्हांला अधिक रास्त वाटते.

आम्ही विकण्याच्या बाजूचे आहोत. आईला दवाखान्यात न्यायचे तर भरवशाची गाडी हवी, आणि पद्मिनीत ना एअरबॅग आहे ना एबीएस. ज्या घरी गाडीला दुसरे कामच नाही, जागा आहे आणि मिस्त्री आहे, त्यांनी खुशाल ठेवावी.

मात्र विकताना नव्या गाडीच्या दुकानात ‘एक्सचेंज’ला देऊ नये. तिथे चाळीस वर्षांची गाडी म्हणजे लोखंडाचे वजन. शौकीन गिऱ्हाईक शोधावे. मूळ आरसे, चाकाच्या टोप्या, जुनी पुस्तिका असतील तर त्या गाडीबरोबर द्याव्यात, चोर बाजारात सुट्या विकू नयेत. गाडी खरोखर सडली असेल तरच अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. तिथल्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमात आहे. प्रत्यक्षात राज्य देईल ती खरी.

नवी घेण्याबाबतही घाई नको. सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला म्हणून जाहिराती जोरात आहेत. पण व्याजाचा हप्ता दुकानाच्या गल्ल्यातून जाणार असेल तर तीन-चार वर्षे वापरलेली, रोखीने मिळणारी गाडी बरी. आम्ही तीच पाहतो आहोत.

आणि पद्मिनीची चावी देण्याआधी फॉर्म २९ व ३० वर सह्या करून स्वतः आरटीओत दाखल कराव्यात. गिऱ्हाईक ‘नंतर करून घेतो’ म्हणाला तरी ऐकू नये. नोंद तुमच्या नावे राहिली तर त्याच्या अपघाताची नोटीसही तुमच्याच दारी येते.